कोणत्या चित्रपटाची राइड व्हावी? कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चित्रपट आणि थीम पार्क या दोन्हींवर मी रत्नागिरीत बसून लिहितो. मे महिन्यात चाकरमानी गावी आले, की ओटीवरच्या गप्पांत हा विषय हमखास निघतो आणि प्रश्न फिरून फिरून तेच येतात. त्यांची उत्तरं एका जागी मिळावीत म्हणून हे पान.

चित्रपट सुपरहिट झाला, मग त्याची राइड का होऊ नये?

कारण गल्ल्याचा आणि राइडचा संबंध लोकांना वाटतो तेवढा नाही. 'सैराट' (२०१६) घ्या. मराठीत एवढी गर्दी फार थोड्या चित्रपटांनी खेचली. पण शेवटच्या दृश्यानंतर थिएटरात जी शांतता पसरायची, तिची राइड कशी करणार? करूही नये.

उलट उदाहरण 'वॉटरवर्ल्ड'चं. १९९५ साली आलेल्या या हॉलिवूडपटावर अफाट खर्च झाला होता आणि अमेरिकेत त्याने निराशाच केली. पण त्याच वर्षी युनिव्हर्सल स्टुडिओज हॉलिवूडमध्ये त्यावर स्टंट शो सुरू झाला. तो आजही चालतो, जपान आणि सिंगापूरच्या पार्कांतही पोहोचला. भोवती पाणी, मधोमध गंजक्या लोखंडाचं तरंगतं गाव, स्फोट, पुढच्या रांगांवर उडणारे फवारे. चित्रपट न पाहिलेली माणसंसुद्धा भिजायला जातात. गोष्ट पडली, जागा टिकली.

मग बघायचं तरी काय?

मी पहिल्यांदा जागा बघतो. चित्रपट संपल्यावर प्रेक्षकाला तिथे जावंसं वाटतं का? हॅरी पॉटरच्या चाहत्यांना त्या शाळेत शिरायचं होतं, तिच्या जिन्यांवरून चालायचं होतं. म्हणून २०१० साली ऑर्लँडोच्या युनिव्हर्सल पार्कात त्या गोष्टीतलं जादूगारांचं गाव उभं राहिलं, तेव्हा लोक राइडच्या आधी नुसत्या रस्त्यावर रेंगाळले. नायक-नायिका आवडणं वेगळं आणि त्यांच्या घरात पाय ठेवावासा वाटणं वेगळं.

मग चाल. चित्रपटात मुळातच एखादी हालचाल हवी: होडी, घसरण, उड्डाण, पाठलाग. 'ज्युरासिक पार्क' हा या बाबतीत आदर्श. त्या गोष्टीतच पर्यटक गाडीत बसून प्राणी बघायला निघतात आणि घोटाळा होतो. राइड करणाऱ्यांना वेगळं काही रचावंच लागलं नाही. चित्रपट १९९३ चा, राइड १९९६ ची: होडी, डायनोसॉर आणि शेवटी सुमारे पंचवीस मीटरची पाण्यातली घसरगुंडी.

सगळ्यात जास्त विसरली जाते ती तिसरी गोष्ट. राइडमध्ये बसलेला माणूस कोण आहे? फ्लोरिडात १९९० पासून चालू असलेल्या 'ई.टी.'च्या राइडमध्ये आत शिरताना तुमचं नाव विचारतात. तुम्ही सायकलवर बसून त्या परग्रहावरच्या जिवाला घरी पोचवता आणि शेवटी तो तुमचं नाव घेऊन निरोप देतो. तंत्र जुनं झालंय, बाहुल्या जुन्या झाल्यात, तरी लहान पोर आपलं नाव ऐकून मागे वळून बघतंच. ज्या राइडमध्ये प्रेक्षकाला भूमिका नाही, ती म्हणजे हलत्या खुर्चीवर बसून पाहिलेला ट्रेलर.

भीती मोजायची कशी? लहान मुलं घाबरली तर?

शिमग्यात संकासुराचं सोंग घेतलेला गडी वाडीत शिरला, की पोरं किंचाळत माजघरात पळतात. काळा वेश, कमरेला घुंगरं, अंगावर धावून येण्याची ती ढब. दोन मिनिटांनी तीच पोरं खांबाआडून डोकावतात आणि त्याला मुद्दाम चिडवतात. पळालेलं पोर परत आलं, तर भीतीचं माप बरोबर. आईच्या पदरातून बाहेरच आलं नाही, तर चुकलं. राइड आखणाऱ्या कुणालाही मी आधी एक शिमगा कोकणात काढायला सांगेन.

आपल्याकडे असं कुणी केलंय का?

केलंय, आणि तेही कोकण विभागातच. रायगड जिल्ह्यात खोपोलीजवळ २०१३ साली इमॅजिका सुरू झालं, त्यात 'मिस्टर इंडिया'वर सिम्युलेटर राइड (पडद्यासमोर हलणाऱ्या खुर्च्यांची) केली. चित्रपट १९८७ चा, म्हणजे मध्ये पाव शतक गेलं. निवड योग्य होती असं माझं मत आहे. अदृश्य होणारा माणूस, खलनायकाचा अड्डा आणि सुटका करायची मुलं, सगळं राइडच्या कामाचं. त्याच पार्कात 'राजासॉरस' नावाची पाण्यातली राइड आहे. हा डायनोसॉर खरोखरच गुजरातेत सापडलेल्या जीवाश्मांवरून ओळखला गेला. तिला चित्रपटाचा टेकू लागला नाही.

दुबईत २०१६ साली अख्खं बॉलीवूड पार्क उघडलं: 'शोले', 'लगान', 'क्रिश', 'डॉन', 'दबंग'. २०२३ मध्ये ते बंद झालं. त्या यादीकडे बघितलं की मला वाटतं, निवड बरीचशी नावं बघून झाली. 'लगान'चा गाभा क्रिकेटचा सामना आहे आणि सामना दिवसभर चालतो, ताणत ताणत. त्याला पाच मिनिटांच्या सिम्युलेटरमध्ये कोंबलं की ताणच जातो.

'शोले'वर मग राइड होऊच शकत नाही?

होऊ शकते, पण गब्बरच्या मागे बंदूक घेऊन धावायची नको. दुबईत तसंच केलं होतं, थ्रीडी पडद्यावर नेम धरायचा. माझं मत मालगाडीवरच्या दरोड्याला. १९७५ च्या या चित्रपटातलं ते दृश्य पनवेलच्या परिसरात रेल्वेमार्गावर चित्रित झालं आणि त्याला काही आठवडे लागले. म्हणजे रामनगरचे खडक कर्नाटकात, पण आगगाडी आपल्याकडची! डब्यात बसायचं, दोन्ही बाजूंनी घोडेस्वार, छपरावर पावलांचा आवाज. चाल आहे, जागा आहे, आणि प्रवासी म्हणून तुमची भूमिकाही ठरलेली आहे.

'तुंबाड' कोकणातलाच ना? त्याची राइड कशी असावी?

हा मला सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न आहे आणि याचं उत्तर देताना मी थांबत नाही. २०१८ चा हा चित्रपट पहिल्यांदा आला तेव्हा बेताचा चालला, २०२४ मध्ये पुन्हा लावला तेव्हा लोकांनी थिएटरं भरली. तुंबाड नावाचं गाव खेड तालुक्यात खरोखर आहे; चित्रपटातली गोष्ट आणि तिच्यातला सोन्याचा लोभी राक्षस हस्तर, दोन्ही मात्र कल्पनेतलं.

राइडसाठी यात सगळं तयार आहे, कारण गोष्टीची हालचाल एकच आहे: दोराला धरून खाली उतरणं आणि जीव घेऊन वर येणं. बहुतेक राइडमध्ये आधी चढतात आणि मग पडतात. इथे उलट करावं लागेल.

मी ती अशी बघतो. आठ माणसं एका गोल लाकडी फळीवर पाठीला पाठ लावून बसतात. फळीच्या कडेने पिठाची रेघ आखलेली, चित्रपटात हस्तरला अडवते तीच. रहाट कुरकुरतो आणि फळी सावकाश विहिरीत उतरते. आधी जांभ्या दगडाची भिंत, मग ओल, मग शेवाळ, मग दगड कुठे संपला ते कळतच नाही आणि भिंत लालसर, मऊ, श्वास घेतल्यासारखी हलते. तळाशी फळी थांबते. काहीही अंगावर येत नाही. फक्त एका बाजूने बारीक वारा सुटतो आणि पिठाची रेघ तिथे पुसट होऊ लागते. ज्याच्या पायाशी ती पुसली जाते, त्याला ती आधी दिसते. मग वर ओढायला सुरुवात, आणि अर्ध्या वाटेत रहाट एकदा अडकतो. बस, एवढंच. मोठा आवाज नको, रक्त नको.

चित्रपट प्रौढांसाठी होता, तेव्हा वयाची अट पाळायलाच हवी. इथे सवलत देऊ नये.

आणि 'झपाटलेला'?

नक्की व्हावी. मराठीतली पहिली मोठी राइड कोणती असं कुणी विचारलं, तर मी हेच नाव घेईन. महेश कोठारे यांचा हा चित्रपट १९९३ चा. रामदास पाध्ये यांनी घडवलेला तात्या विंचूचा बाहुला आज ज्यांच्या जन्माआधीचा आहे, अशी मुलंसुद्धा त्याला ओळखतात. तीन पिढ्यांना एकाच वेळी घाबरवणारी आणि हसवणारी दुसरी व्यक्तिरेखा मराठी पडद्यावर मला तरी आठवत नाही.

एकच काळजी घ्यावी, बाहुला मोठा करू नये. पार्कवाल्यांची पहिली ओढ तीच असते, दोन मजली तात्या विंचू दारात उभा करायचा. त्याची दहशत तो लहान आहे यात आहे. तो पलंगाखाली मावतो, कपाटात मावतो, तुमच्या सीटमागेही मावेल. म्हणून मला रोलर कोस्टर नको. अंधारातून हळू जाणारी छोटी गाडी हवी, साध्या मराठी घरातून: ओटी, स्वयंपाकघर, फळीवरचे डबे, दोरीवर वाळत घातलेले कपडे. बोलक्या बाहुल्यांचं एक शेल्फ, दहा बाहुले. पुढच्या खोलीत तेच शेल्फ, नऊ बाहुले. त्यावर कुणी काही बोलत नाही. जो मोजतो, तो ओरडतो.

'अशी ही बनवाबनवी' एवढा लाडका आहे, त्याचं काय?

राइड नको. १९८८ पासून आपण तो पाठ करतोय तो संवादांसाठी, आणि राइडच्या गोंगाटात पहिला बळी संवादाचा जातो. त्यापेक्षा एक खानावळ काढा, जिथे वाढपी त्या चित्रपटाच्या थाटात बोलतात. मी स्वतः रांग लावेन.

'श्वास' आणि 'किल्ला' तर कोकणचे मानबिंदू. त्यांना डावलता?

डावलत नाही, जपतो. 'श्वास'ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ऑस्करसाठी भारताकडून तोच गेला. दृष्टी जाणाऱ्या नातवाला आजोबा जग दाखवून घेतात, ही त्याची गोष्ट. त्या जगाचे फोटो-पॉइंट झालेले मला बघवणार नाहीत. 'किल्ला'तल्या मुलाचं एकटेपण, तो पाऊस, तो समुद्र हे सगळं गुहागर-दापोलीकडे अजून तसंच उभं आहे, तिकीट न काढता. काही चित्रपटांचा मान त्यांना एकटं सोडण्यातच राहतो. राइड म्हणजे बक्षीस, असं समजू नका.

शिवकालावरच्या चित्रपटांची राइड व्हावी का?

पावनखिंडीत रोलर कोस्टर नको. जिथे माणसांनी जीव दिला, तिथे पोटात गोळा येण्याची मजा विकणं मला पटत नाही.

पण प्रयोग व्हावा, आणि मोठा व्हावा. फ्रान्समध्ये पुई द्यू फू नावाची जागा आहे. तिथे १९७८ साली आसपासच्या गावकऱ्यांनी मिळून रात्रीचा इतिहासाचा खेळ सुरू केला. पार्क नंतर, १९८९ मध्ये आलं. आजही तो रात्रीचा खेळ हजारो स्वयंसेवक उभा करतात. हे वाचलं की मला आपली जत्रा आठवते. देवळासमोर मांडव, पेटीची साथ, मृदंग, झांज आणि दशावतारी मंडळी रात्र जागवणारी. कागदावर लिहिलेले संवाद नाहीत, तरी कथानक हलत नाही. २०२५ मध्ये 'दशावतार' चित्रपट आला आणि दिलीप प्रभावळकरांनी म्हाताऱ्या दशावतारी कलावंताची भूमिका केली, तेव्हा शहरातल्या कितीतरी जणांनी या कलेबद्दल पहिल्यांदा विचारलं. त्या चित्रपटाला द्यायचंच असेल, तर यंत्र देऊ नका. जिवंत माणसांचा, बारा महिने चालणारा, कलावंतांना रीतसर पगार देणारा रंगमंच द्या.

राइडला चित्रपट हवाच का?

नाही. 'पायरेट्स ऑफ द कॅरिबियन' ही राइड १९६७ ची आणि चित्रपट २००३ चा. 'जंगल क्रूझ' राइड तर डिस्नीलँडच्या पहिल्या दिवसापासून, १९५५ पासून आहे; तिचा चित्रपट आला २०२१ मध्ये. आधी जागा मनात बसली, गोष्ट मागून आली.

या हिशेबाने कोकणाला कुणाच्या तोंडाकडे बघायची गरज नाही. कान्होजी आंग्रे, त्यांच्या आरमारातली गुराबा आणि गलबतं ही जहाजं, विजयदुर्गाजवळची गिर्ये इथली गोदी. पहाटेचं धुकं, तुम्ही गलबताच्या नाळेशी, म्हणजे पुढच्या टोकाशी बसलेले, समोर परदेशी जहाजाचा कंदील. चांगली राइड झाली, तर चित्रपटवाले आपल्या पायांनी येतील.

चित्रपट आल्यावर किती वर्षं थांबावं?

दहा तरी. परदेशात याहून कमी थांबतात: 'बॅक टू द फ्यूचर'चा पहिला भाग १९८५ चा, फ्लोरिडातली राइड १९९१ ची आणि ती २००७ मध्ये काढलीसुद्धा. 'अवतार' २००९ चा, त्याचं जग पार्कात २०१७ ला उभं राहिलं. थांबल्याचा एक फायदा आहे. चित्रपटातली एखादी गोष्ट पुढे लोकांना खुपू लागेल का, हे कळतं. डिस्नीची 'स्प्लॅश माउंटन' १९८९ ची, पण ती बेतली होती १९४६ च्या एका चित्रपटावर, ज्यातल्या कृष्णवर्णीयांच्या चित्रणावर सुरुवातीपासून टीका होत होती. शेवटी फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियातल्या राइड २०२३ मध्ये बंद करून त्यांना नवी गोष्ट द्यावी लागली. आपल्या जुन्या विनोदी चित्रपटांतही रंगावरून, शरीरावरून केलेले विनोद आहेत. निवडताना ते नीट बघा.

परवानगी कोण देतं?

निर्मात्याकडे हक्क असले तरी तेवढ्याने भागत नाही. गाणी वेगळ्या कंपनीकडे असू शकतात. नटाचा चेहरा आणि आवाज ही तर स्वतंत्र बाब. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अनिल कपूर यांचं नाव, आवाज, प्रतिमा यांच्या विनापरवाना वापराला मनाई केली. लक्ष्मीकांत बेर्डे २००४ मध्ये गेले. त्यांचा चेहरा पुन्हा उभा करायचा तर त्यांच्या घरच्यांशी आधी बोलणं, ही कायद्याआधी माणुसकीची गोष्ट आहे.

"आमच्या मालवणात असा काय कधी होतला काय?"

होईल, पण समुद्राला विचारून. खाऱ्या हवेत लोखंड किती दिवस टिकतं हे कुठल्याही तांडेलाला विचारा. बोटीचं इंजिन तो गोड्या पाण्याने का धुतो, तेही विचारा. राइडमध्ये असे हजारो नट-बोल्ट, बेअरिंग आणि विजेच्या पेट्या असतात. रत्नागिरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तोही बहुतेक चार महिन्यांत. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन, मंडणगड, दापोलीतल्या नारळी-पोफळीच्या बागा एका दुपारीत आडव्या केल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं. अशा किनाऱ्यावर चाळीस मीटरचा मनोरा उभा करायचा हट्ट धरू नये.

बुटक्या, जाड जांभ्या भिंतींच्या, उतरत्या छपराच्या आणि आतल्या आत चालणाऱ्या राइड इथे टिकतील. 'तुंबाड' आणि 'झपाटलेला' मला पटतात त्याचं हेही एक कारण आहे, दोन्ही बंद जागेत आणि अंधारात होतात.

जागा निवडताना लोक सड्याकडे, म्हणजे कातळाच्या माळाकडे बोट दाखवतात, "सगळी मोकळीच तर आहे." मोकळी नाही. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवर कातळशिल्पं आहेत आणि २०२२ मध्ये ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पावसात तिथे फुलं येतात, गुरं चरतात. किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम आहेत, ते पाळायचेच. त्यापेक्षा बंद पडलेली गोदामं आणि जुने कारखाने आधी बघावेत.

रांगेचं काय? मे महिन्यात तर मुंगीला वाट नसते.

हिशेब साधा आहे. दहा जणांची गाडी दर तीस सेकंदांनी सुटली, तर तासाला बाराशे माणसं. चाळीस खुर्च्यांचा सिम्युलेटर भरून, चालवून, रिकामा करायला आठ मिनिटं लागली, तर तासाला तीनशेच. मी वर सांगितलेली आठ जणांची विहीर एकच असेल आणि फेरी सहा मिनिटांची धरली, तर तासाला ऐंशी! म्हणजे अशा निदान सहा विहिरी शेजारी शेजारी हव्यात, नाहीतर बोरिवलीहून आलेलं कुटुंब चार तास उन्हात उभं राहील. कल्पना कितीही सुंदर असो, हा गुणाकार आधी करा.

एवढा पैसा नाही. गावात छोटं काही करता येईल?

येईल. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्या आणि चित्रं दाखवत गोष्ट सांगायची चित्रकथी पिढ्यान्‌पिढ्या जपल्यात. परशुराम गंगावणे यांना त्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. सावंतवाडीत लाकूडकाम करणारे हात आहेत. दशावतारी मंडळींना वेश आणि रंगभूषा येते. एक जुनी भातगिरण किंवा शाळेची बंद इमारत घ्या, पाच खोल्या करा, सहा-सहा जणांना आत सोडा. चाकं नकोत, माणसं चालत जातील. गोष्ट गावाचीच ठेवा, म्हणजे हक्कांचा प्रश्न येत नाही. प्रत्येक खोलीला बाहेर पडायचं वेगळं दार, अग्निशामक नळकांडं आणि दिवा गेला तर लगेच लागणारा दुसरा दिवा, एवढं मात्र पहिल्या दिवसापासून हवं. गणपतीत चार दिवस चालवून बघा. कुठल्या खोलीत लोक थांबतात आणि कुठून घाईने निघतात ते लिहून ठेवा आणि शिमग्यापर्यंत त्याप्रमाणे खोल्या बदला.